काचेला चिकटणारा मासा

२ नोव्हेंबर २०२३

साहेबांनी आज शाखा कार्यालयात बोलावून पाणीपातळीचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवला. "खिल्लारे, हे काय लिहिलंय?"

मीच लिहिलेलं होतं. 'पातळी स्थिर. बदकं उतरली. आज कोणी आलं नाही.'

साहेब वयाने माझ्या मुलीएवढे आहेत. रागावले नाहीत. म्हणाले, "शेरा म्हणजे गेट, गळती, बिघाड. कोणी आलं नाही, हा शेरा होत नाही."

खरं आहे. येताना वाशिमकडच्या मालेगावातून ही दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर सवयीने नाव-हुद्दा लिहून टाकला: अश्वजित खिल्लारे, कालवा चौकीदार, सोनखडी तलाव. सेवानिवृत्ती ३१ मे २०२४. पुढे काय लिहायचं ते ठरलेलं नाही.

पातळी स्थिर. आज कोणी आलं नाही.

९ नोव्हेंबर

सकाळी इंद्रभानने फाटलेलं जाळं माझ्या ओट्यावर आणून टाकलं. इंद्रभान म्हणजे मासेमारी सोसायटीचा सगळ्यात जुना सभासद, जातीचा भोई. अकरा वर्षं त्याची नाव माझ्या क्वार्टरमागच्या बाभळीला बांधलेली असते. त्या बदल्यात असावं, रोज सकाळी तो पळसाच्या पानात गुंडाळून एक मासा दारात ठेवतो. एकट्याला अख्खा मासा जास्त होतो, असं दहादा सांगून झालं. ऐकत नाही. चहा पितो, मी कढई चढवली का ते पाहतो आणि मग जातो.

आज जाळ्यात एक काळा मासा अडकून बसला होता. हातभर लांब, अंगावर खवल्यांच्या जागी हाडासारखी कडक पाटं, पंखांना काटे. तोंड खालच्या अंगाला, वाटीसारखं. सोडवताना इंद्रभानच्या बोटात काटा गेला.

"चौकीदार, हा कोनता मासा हाय? माह्या बापानंही नसन पाह्यला असा."

मी म्हटलं, माहीत नाही.

त्याने तो पाण्याच्या बादलीत टाकला. मासा बादलीच्या कडेला तोंड लावून चिकटला. चिकटणारच.

१७ नोव्हेंबर

आता रोज येतात. परवा चार, काल अकरा. जाळ्याची घरं कातरल्यासारखी होतात. इंद्रभानचं बोट सुजलं आहे. त्याची बायको मनकर्णाबाई हळद बांधते, तो पाण्यात उतरला की निघून जाते.

बाजारात कोणी घेत नाही. वरचं पाट फोडायला कुऱ्हाड लागते आणि आत मूठभर मांस. सोसायटीचे लोक काठावर फेकून देतात. घारी वर फिरतात, खाली येत नाहीत. मनकर्णाबाईने काल एक टोपलीखाली झाकून ठेवला होता, मरतो का पाहायला. आज सकाळी टोपली उचलली तर जिवंत.

४ डिसेंबर

आज तलावावर भांडण झालं. लालसिंग दरवर्षी पिकअपमधून बोटुकली आणतो. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत रोहू-कतल्याची बोटाएवढी पिल्लं. तीच या पाण्यात सोडायची, वर्षभर वाढवायची आणि काढायची, असा इथला धंदा. लालसिंग तांड्यावरचा मुलगा, तिशीचा असेल, हसतमुख.

बावीस सभासदांनी त्याला घेरलं. तूच हे भेसळ बीज आणलंस म्हणाले. एकाने गाडीचा आरसा फोडला. लालसिंग म्हणत होता, "मोजून पाहा ना बावा, पिशवी खोलून पाहा." कोणी पिशवी उघडली नाही. इंद्रभानही ओरडत होता. शेवटी लालसिंग गाडी वळवून गेला. जाताना माझ्याकडे पाहिलं, सरकारी माणूस म्हणून मी काही बोलेन अशा नजरेने.

मी गेटजवळ उभा होतो. बोललो नाही.

१९ डिसेंबर

रूपाचा फोन. नाशिकला आता तळमजल्याचं घर घेतलं आहे, एक खोली रस्त्याच्या बाजूला आहे, तिच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. त्या खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा लावू, असं विचारत होती. मी म्हटलं, तुला आवडेल तो लाव. तिच्या घरचा पडदा मी का ठरवायचा, ते कळलं नाही.

मग आठवण काढली, "बाबा, माझे ते काळे मासे तिकडच्या शाळेत अजून आहेत का हो?"

असतील, म्हटलं.

इंद्रभानच्या बोटाला वाशिमच्या दवाखान्यात चिरा दिला. सूज शेजारच्या बोटात गेली होती, एकाची दोन झाली. आता ती दोन्ही वाकत नाहीत.

१४ जानेवारी २०२४

रूपाची आई रत्नमाला, तिला जाऊन आज चार वर्षं झाली. सकाळी किन्हीराजाच्या विहारात जाऊन मेणबत्ती लावून आलो. तिथल्या बायकांनी बसायला सांगितलं, चहा केला. बसलो नाही, पातळी घ्यायची होती.

आता लिहितो. वही कोणी वाचणार नाही.

रूपा नोकरीला गेली तेव्हा तिची काचेची पेटी इथेच राहिली. रंगीत मासे एकेक करून मेले. दोन काळे उरले, काच चाटून साफ ठेवणारे. रत्नमाला स्वयंपाक करता करता त्यांच्याशी बोलायची. मला वाटायचं माझ्याशी बोलते. मी "काय?" म्हटलं की म्हणायची, "तुमाले नाही." सहा क्वार्टरपैकी पाच रिकामी. तिला बोलायला दुसरं कोण होतं? मी दिवसभर कालव्यावर असायचो आणि घरी आलो की रेडिओ लावायचो.

नऊ दिवसांच्या काविळीत ती गेली. पुण्यानुमोदनाला लोक आले, जेवले, गेले. आठ दिवसांनी रूपा नाशिकला परत गेली. पेटीचं पाणी हिरवं झालं. मासे वीतभर झाले होते, पेटीत वळता येत नव्हतं. खायला घालायचं मी तीनदा विसरलो. मारून टाकणं जमेना. जीव घेणार नाही हे पहिलं शील रोज म्हणणारा माणूस मी, आणि त्याहून, ते तिचे होते. घमेल्यात घेतले आणि पायऱ्यांवरून तलावात सोडले. एक लगेच गेला. दुसरा पायरीच्या दगडाला चिकटून राहिला. मी त्याला बोटाने ढकललं.

रूपाला सांगितलं, शाळेला दिले.

नोव्हेंबरात इंद्रभानने तो काळा मासा दाखवला, तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं तेही लिहितो. आनंद झाला. जगले, असं वाटलं. इंद्रभानच्या बोटातलं रक्त मला त्यानंतर दिसलं.

२ फेब्रुवारी

पाणी उतरू लागलं तसं तलावाच्या भिंतीत काहीतरी दिसायला लागलं. आतल्या अंगाचे दगड जिथे खचले आहेत, तिथे मातीत बिळं. आधी खेकड्यांची वाटली. काठी घातली तर अडीच हात आत गेली, आणि टोकाला काहीतरी हललं.

दुपारपर्यंत भिंतीच्या एका टोकापासून मोजत गेलो. एक्केचाळीस. पाण्याखाली किती असतील ते सांगता येत नाही.

हा शेरा आहे. हाच शेरा आहे. आणि मी रजिस्टरात लिहिलं, 'पातळी ०.०४ मीटरने कमी.'

३ फेब्रुवारी

इंद्रभानला नेऊन बिळं दाखवली. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"लिवनार काय तू?"

"लिहावं लागेल. मातीची भिंत आहे."

"मंग काय करतीन ते?"

"पाणी सोडतील. रिकामा करतील."

त्याने चांगल्या हाताने कपाळ पुसलं. सोसायटीतले पंधरा जण आधीच कामाला बाहेरगावी निघून गेले आहेत. जे उरले त्यांची सगळी आशा पाण्यातल्या रोहूंवर. "आता कुठं किलो-किलोचे भरून राह्यले. होळी जाऊ दे, भाऊ. होळीपर्यंत मी काढतो जेवढे निघतीन तेवढे. मंग लिव तू."

मी हो म्हटलं.

त्याच्यासाठी हो म्हटलं, असं मला वाटतं. पण साहेब आले, तज्ज्ञ आले की पहिला प्रश्न हाच विचारतील, हा मासा आला कुठून? म्हणून तर हो म्हटलं नाही ना? ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

२१ फेब्रुवारी

बिळं ६८.

८ मार्च

भिंतीच्या बाहेरच्या पायथ्याशी घोंगडीएवढी जागा ओली आहे. पाय ठेवला की पाणी वर येतं. गढूळ येतं. स्वच्छ पाणी पाझरलं तर घाबरायचं नाही, गढूळ आलं तर माती वाहते आहे, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

तिथून दोनशे पावलांवर सोनखडीची घरं सुरू होतात. पहिलं घर इंद्रभानचं.

९ मार्च

रिपोर्ट देण्याआधी त्याच्याकडे गेलो. तो जाळं शिवत होता, दोन बोटं ताठ ठेवून.

"इंद्रभान, ओल आली."

"दरसाली येते."

"ही वेगळी आहे. गढूळ आहे. होळीपर्यंत थांबता येत नाही."

"पंधरा दिवस राह्यले फक्त."

"भिंत गेली तर पहिलं तुझं घर आहे."

तो हसला, पण चांगलं नाही. "माह्या घराची कायजी नको सांगू. तुही रिटायरमेंट बिनडागी जावी, म्हनून लिवून राह्यला तू."

मनकर्णाबाई दारात उभी होती. तिने त्याला गप्प केलं नाही.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग ओलीचा विषय मागे पडला असता, असं मी स्वतःला सांगितलं आणि किन्हीराजाहून बस पकडली.

११ मार्च

साहेब दोन अभियंत्यांना घेऊन आले. ओल पाहिली, बिळं पाहिली. मला म्हणाले, "वेळेवर कळवलंत." मासा कुठून आला असेल यावर ते आपसात बोलले. एक म्हणाला, हल्ली सगळ्याच धरणांत निघतो. मला कोणी विचारलं नाही.

बाभळीची नाव आज सकाळी नव्हती. इंद्रभानने ती पलीकडच्या काठावर नेऊन बांधली आहे.

२० मार्च

गेट उघडायचं चाक मीच फिरवलं. दुसरं कोण फिरवणार? बाहेर मोरीतून पाणी पांढरं होऊन पडत होतं. खालच्या शेतकऱ्यांनी मोटारी लावल्या, कोणाच्या कांद्याला, कोणाच्या भुईमुगाला. त्यांना आनंद झाला. एक जण मला पेढा द्यायला आला.

३ एप्रिल

कोणी आलं नाही.

आज दुपारी कढई चढवली आणि मग लक्षात आलं, घरात भाजीच नाही. मिठाशी भाकर खाल्ली. रोज सकाळी दारात मासा असायचा, त्यामुळे बाजाराची सवयच मोडली आहे.

१४ एप्रिल

जयंती. विहारात सकाळी वंदना झाली, मिरवणूक संध्याकाळी. मी सकाळचीच केली. वंदनेत सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना पहिल्या ओळीला माझा आवाज फुटला नाही. शेजारच्याला वाटलं, घसा बसला आहे.

२७ एप्रिल

तलावाच्या तळाला एक डबकं उरलं आहे, गेटच्या तोंडाशी. उरलेला सगळा मासा तिथे गोळा झाला. सात सभासद आणि त्यांच्या घरचे सकाळपासून उतरले. मी वरून पाहत होतो, मग मीही उतरलो. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

किलो-दीड किलोचे रोहू तोंड वर काढून हवा खात होते. नऊ-दहापर्यंत उन्हाने पाणी तापलं आणि ते पोट वर करून तरंगू लागले. हातानेच उचलत होते लोक. निम्मे बाजारात जायच्या आधीच मऊ पडले.

काळे मासे मात्र तसेच. चिखलात पोट टेकून, एकावर एक, पाय ठेवायला जागा नाही इतके. पाठीवर ऊन पडलं होतं आणि तोंडं हलत होती.

मनकर्णाबाईने घमेलं खाली ठेवलं आणि कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "हे मरत काहून नाहीत?"

इंद्रभान माझ्यापासून चार हातांवर उभा होता, मांडीएवढ्या चिखलात. त्याने वर पाहिलं नाही.

२९ एप्रिल

आज सांगितलं.

सकाळी त्याच्या घरी गेलो. दोघं चहा पीत होती. मला कप दिला. मी तो खाली ठेवला आणि उभ्यानेच सगळं बोललो. पेटी, रत्नमाला, घमेलं, पायरी. लालसिंगची गाडी फोडली तेव्हा मला माहीत होतं, हेही बोललो.

मग इंद्रभानने विचारलं, "दोनच होते?"

"दोनच."

"नर-मादी?"

"ते मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही."

त्याने ताठ बोटांचा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. "मी तुह्या दारात रोज मासा ठेवत होतो. वयनी गेली तवापासून. तू जेवत नव्हता म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, नावेच्या बदल्यात ठेवतो.

"आन नोव्हेंबरात तू मले म्हनला, माईत नाही."

"हो."

"मंग आता कायले सांगतलं? महिन्याभरानं तू नाशिकले चालला. न सांगता गेला असता, त मी तुले चांगलाच मानूस समजलो असतो. तेवढं तरी माह्यापाशी राह्यलं असतं."

म्हटलं, लालसिंगला जाऊन सांगतो. तो म्हणाला, "तुहं तू पाय." मनकर्णाबाईने माझा कप उचलून आत नेला. चहा तसाच होता.

२ मे

लालसिंगच्या तांड्यावर गेलो. दोन बस बदलाव्या लागल्या. तो घरासमोर गाडी धूत होता. आरसा अजून फुटलेलाच. बीज आणायचं त्याने बंद केलं आहे, आता सिमेंट वाहतो.

मी सांगितलं तसा तो चाकाशेजारी खाली बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"काका," तो म्हणाला, "तीन सालांआधी मी एका नव्या ठिकानाहून बीज आनलं होतं. त्या पिशव्यांत मले चार-दोन काळे दिसले होते. म्या म्हटलं, असतीन कोनते. सोडून देल्ले. त्या दिवशी सारे मले बोलत होते, तवा मी वरून नाही म्हनत होतो, पन आतून मले वाटे, आपलंच काम हाय हे. म्हनून त धंदा सोडला."

आम्ही दोघं तिथेच बसलो. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. निघताना त्याने विचारलं, "मंग कोनाचे आले असतीन, काका?"

मी म्हटलं, आता कसं कळणार.

परतीच्या बसमध्ये हलकं वाटायला हवं होतं. उलट जड झालं. सहा महिने मी मनात धरून होतो की हे सगळे तिच्या दोन माशांचे आहेत. वाईट होतं, पण तिचं काहीतरी त्या पाण्यात वाढत होतं. आता कदाचित ते दोघे तेव्हाच मेले असतील, पायरीपासून दहा हातांवर, आणि मला कळलंही नसेल.

५ मे

साहेबांनी भिंतीचं काम काढलं आहे. खचलेले दगड नवे बसवायचे. त्याआधी बिळं भरायची आहेत. बीळ उकरू नका, आतला मासा ओढून काढा आणि काळी माती ठासा, असं सांगितलं. मजूर कंत्राटदार पंधरा दिवसांनी आणणार आहे. मी म्हटलं, तोवर मी सुरू करतो. साहेब म्हणाले, "हे तुमचं काम नाही, खिल्लारे." म्हटलं, माहीत आहे.

तारेचा आकडा करून घेतला. आत घालायचा, अडकला की सावकाश ओढायचा. पाणी जाऊन आठ दिवस झाले तरी आतले जिवंत आहेत, ओल्या मातीत. आज सहा बिळं, सहा मासे. खड्डा खणून चुना टाकला आणि त्यात एकेक. मेल्याची खात्री होईपर्यंत उभा राहिलो. पहिल्याच्या वेळी नजर दुसरीकडे वळवली, सहाव्याच्या वेळी नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

९ मे

आज अकरा.

इंद्रभान गावात नाही. बुलढाण्याकडे कोणत्या तरी धरणावर मासेमारीच्या कंत्राटदाराकडे रोजाने गेला, असं मनकर्णाबाईकडून कळलं. ती सरपण घेऊन भिंतीवरून जात होती. मी आकडा घालून बसलेलो पाहून थांबली.

"असा नाही निंघत, भाऊ. तो काटे फुलवून बसते. आदी आत लोटा, मंग तो काटे मिटते. मंग ओढा."

दोन बिळं तिने स्वतः काढून दाखवली. मग सरपण उचलून गेली.

३१ मे

निरोप समारंभ. शाल, नारळ, रत्नमालाचा फोटो सोबत आणा म्हणाले होते, तो नेला. साहेब बोलले की खिल्लाऱ्यांच्या एका रिपोर्टामुळे सोनखडी गाव वाचलं. टाळ्या झाल्या. पाच आठवडे उशिरा दिलेला रिपोर्ट होता, हे त्यांना माहीत नाही. बोलायला उभा केला तेव्हा मी ते सांगितलं. सगळ्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या. काय ऐकलं त्यांनी, कोण जाणे.

एकूण १०३ बिळं. शेवटची चाळीस मजुरांनी केली.

१६ जून

क्वार्टर सोडलं. नाशिकला गेलो नाही. सोनखडीत एक खोली भाड्याने घेतली. रूपाला सांगितलं, पाऊस संपला की येतो. ती म्हणाली, "पडदा निळा लावलाय बाबा." म्हटलं, छान.

२२ ऑगस्ट

तलाव चारातले तीन हिस्से भरला. भिंत कोरडी आहे. रोज सकाळी जाऊन पायथा पाहून येतो. नवा चौकीदार मला ओळखतो, काही म्हणत नाही.

आज लालसिंग बोटुकली घेऊन आला. मी सोसायटीच्या बैठकीत जाऊन माझं सांगितलं होतं, त्याने त्याचं सांगितलं. एक-दोघं चिडले, एकाने मला उठून जायला सांगितलं. पण बीज दुसरं कोण आणणार? या वेळी प्रत्येक पिशवी पांढऱ्या टबात ओतून बघितली. तीन तास लागले. इंद्रभान कालच परत आला आहे. तो टबाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. माझ्याशी बोलला नाही. एकदा मला वाटलं काळं काही दिसलं, मी बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. गवताची काडी होती.

९ डिसेंबर

आज पहिलं जाळं निघालं.

मी काठावर उभा होतो. इंद्रभानने नाव लावली आणि जाळं ओढत वर आणलं. रोहू अजून लहान, पण चकचकीत. बाहेर गेलेल्यांपैकी नऊ सभासद परत आलेत, ते पाण्यात उतरून पाहायला लागले. आणि मग जाळ्यात ते दिसले. काळे. तीन.

मला वाटलं होतं, एकही नसेल. १०३ बिळं, चुना, कोरडा तळ, सगळं करून एकही नसेल. खरं तर मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो.

इंद्रभानने जाळ्याचा तो भाग माझ्यासमोर आणून टाकला. "सोडव."

मी खाली बसलो. काटे फुलवून बसले होते. आधी जाळ्यात मागे लोटले, काटे मिटले, मग ओढले. एकही घर फाटलं नाही. तिन्ही दगडावर ठेवून एकेका घावात मारले.

तो पाहत होता. मग त्याने हात पुढे केला, ती दोन ताठ बोटं. "मले हे जमत नाही आता. मागच्या साली दिवसाले साठ-सत्तर निंघत होते. आज तीन हायत. पन एक सोडला त पुन्हा साठ होतीन. रोज सोडवा लागन. मी जाळं ओढतो, तू नावेत बस."

"रोज?"

"मंग काय, ऐतवारची सुट्टी पायजे काय तुले?"

कोणी तरी हसलं. तो हसला नाही.

बोटं वाकत नाहीत म्हणून त्याला माणूस लागणार. बाकीच्यांना आपापली जाळी आहेत. मलाच म्हटलं, कारण मी रिकामा असतो.

संध्याकाळी रूपाला फोन करून सांगितलं की पाऊस संपला तरी इतक्यात येणं होणार नाही. ती म्हणाली, "आता कशाला थांबता बाबा? तुमची ड्युटी तर संपली."

मी म्हटलं, पहाटे पाचला जाळं काढायचं असतं. मग तिला शाळेचं आणि माशांचं खरं काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सुट्टी काढून ती आणि जावई या महिन्यात इकडे येतात, नाव पाहायची आहे.

नावेत चौघं मावतील का, ते इंद्रभानला विचारायला हवं.